कधीही खाली ठेवता येईल असं काम

शिवणकामाचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘आई-बाबांचं सगळं तुम्हीच बघता, मग हे गोधड्या शिवणं, क्विल्टिंग, पॅचवर्क, याला वेळ कुठून काढता?’ विचारणाऱ्या बऱ्याच जणी स्वतः शिवणाऱ्या असतात. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाला विस्मरण जडलेलं असतं, आणि मशीनवर चढवलेलं कव्हर कित्येक महिन्यांत निघालेलं नसतं. त्यांना ‘अहो, काढायचा वेळ’ एवढं सांगून भागत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरची परिस्थिती. बाबांना पक्षाघात होऊन गेला आहे. उजवी बाजू कमजोर आहे, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. आईला डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, आहे. दोघंही माझ्याकडेच असतात.

वेळ मला मिळत नाही. सलग तर नाहीच. मिळतात ती दहा-पंधरा मिनिटं, आणि ती कधी संपतील हेही माझ्या हातात नसतं. दिवसाचं वेळापत्रक आखायचे प्रयत्न सोडून दिले आणि त्याऐवजी काम बदललं. आता कुठलंही शिवण हातात घेण्याआधी मी एकच बघते: हाक आली तर हे आहे तसं खाली ठेवून उठता येईल का? येत असेल तर ते रोजचं काम. येत नसेल तर ते घरात दुसरं कुणी असेल तेव्हाचं.

या एका कसोटीने बरंच काही ठरून गेलं. कापणं, म्हणजे बेतणं आणि कापणं दोन्ही, रोजच्या कामातून बाहेर गेलं. रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचं कापायचं हत्यार, अर्ध्या पट्टीवर टेकवून उठता येत नाही. आलात तरी पट्टी सरकलेली असते, आणि उघडं पातं टेबलावर राहिलेलं चालत नाही. मशीनही बाहेर गेलं. लोकांना वाटतं मशीनने काम लवकर होतं म्हणून माझ्यासारखीला मशीन सोयीचं. पण टीप मारताना मला शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. बाबांचा आवाज पक्षाघातानंतर बारीक झाला आहे. त्यात संध्याकाळ झाली की आई आधीच अस्वस्थ असते, घरी जायचंय म्हणत दाराशी जाते. डिमेन्शियात बऱ्याच जणांची ही दिवे लागणीची वेळ अवघड जाते. तेव्हा मशीनचा खडखडाट नकोच.

उरलं हाताचं शिवण. त्यातही मला सर्वांत सोयीचं पडलं ते कागदावरचं पॅचवर्क, म्हणजे कापडाचे छोटे तुकडे कागदाच्या साच्यावर बसवून जोडणं. जाडसर कागदाचे सारख्या मापाचे षटकोन कापायचे. प्रत्येकावर पाव इंच माया सोडून कापलेलं कापड ठेवायचं, कडा मागे दुमडून कच्चा टाका घालायचा, आणि असे दोन षटकोन समोरासमोर धरून त्यांच्या कडा बारीक वरटाक्याने जोडायच्या. सहाही बाजूंनी शेजारी जोडले गेले की आतला कागद काढून पुन्हा वापरायचा. माप कागद सांभाळतो, त्यामुळे मधेच उठलात, तासाभराने आलात, तरी कोपरे जुळतातच. पद्धत जुनी आहे. ब्रिटनमध्ये तारीख घातलेलं सर्वांत जुनं माहीत असलेलं पॅचवर्क १७१८ सालचं आहे, रेशमी तुकड्यांचं, आणि तेही कागदावरच केलेलं. आतले कागद अजून तसेच आहेत. एक षटकोन तळहातावर मावतो. दवाखान्याच्या बाकावर, फिजिओथेरपी चालू असताना, आई झोपेपर्यंत तिच्या उशाशी बसून, कुठेही होतो.

यासाठी दुपारी हात मोकळा असेल तेव्हा तयारी करून ठेवते. छोट्या पिशवीत कापलेले तुकडे, कागद, बोथट टोकाची कात्री, आणि आधीच ओवून ठेवलेल्या काही सुया. सुईत दोरा ओवण्यात जाणारी दोन मिनिटं हीच पुष्कळदा हातातली सगळी मिनिटं असतात.

सुयांबद्दल मात्र मी फार कडक आहे. डिमेन्शियाचं माणूस घरात असताना अंथरुणात हरवलेली सुई हा मोठा धोका आहे. ‘टोचतंय’ हे त्यांना सांगता येईलच असं नाही. फेल्टच्या पट्टीवर प्रत्येक सुईची जागा रेघ मारून ठरवली आहे आणि उठताना त्या रेघांवरून नजर फिरवते. एक जरी रिकामी दिसली तरी सुई सापडेपर्यंत उठत नाही. कुणी तातडीने हाक मारत असेल तर हातातलं शिवण सुईसकट डब्यात टाकून झाकण लावते. टाचण्या उचलायला चुंबकाची डबी फार छान, पण बाबांना पेसमेकर आहे आणि चुंबक त्यापासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात. म्हणून ती डबी मशीनच्या खोलीतच राहते, माझ्या खिशात नाही.

आता दुसरा भाग. तुमच्यापैकी काहींना आई-वडिलांसाठीच काही शिवायचं असतं, आणि तिथे शिवता येणाऱ्या माणसाचा खरंच उपयोग होतो. बाबांचे शर्ट मी सगळे बदलले. त्यांना शर्टच घालायचा असतो, समोरून बटणांचा, कडक कॉलरचा. डाव्या एकट्या हाताने बटणं लागत नाहीत आणि दुसऱ्याने लावलेली त्यांना आवडत नाहीत. म्हणून बटणं काढून काजांवरच शिवून टाकली, म्हणजे बाहेरून शर्ट होता तसाच दिसतो. पट्टीच्या आत वेल्क्रोचे छोटे चौकोन. सलग वेल्क्रो लावू नका, तो एका हाताने सरळ रेषेत बसत नाही. खरखरीत बाजू खालच्या पट्टीवर, बाहेर तोंड करून लावायची, म्हणजे ती कातडीला लागत नाही. धुवायला टाकताना सगळे चौकोन बंद करायचे, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. मनगटाचं बटण बारीक इलास्टिकच्या दोऱ्याने, जरा लांब देठ ठेवून लावलं की कफ बंदच राहतो आणि हात त्यातून सरकतो. बगलेत एक चौकोनी तुकडा जोडला आहे, त्याने बाहीला ढिलाई मिळाली. कमजोर बाजूचा हात आधी बाहीत घालायचा आणि कपडे काढताना तो शेवटी काढायचा, हे फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं. नीट बेतलेल्या शर्टाशिवाय ते जमणं कठीण होतं. आता बाबा बराचसा शर्ट स्वतः घालतात. पहिल्यांदा शेवटचा चौकोन दाबून बसवल्यावर त्यांनी कॉलर दोन्ही बाजूंनी खेचून सरळ केली, पूर्वी कामावर निघताना करायचे तशीच, फक्त आता एकाच हाताने, एक बाजू आणि मग दुसरी.

झोपून असलेल्या माणसासाठी गोधडी शिवणार असाल तर दोन-तीन गोष्टी. ती अंगावर घ्यायची, अंगाखाली नाही. म्हातारपणी कातडी पातळ होते, आणि कूस स्वतःहून बदलता येत नसेल तर माकडहाड, टाचा, खुबे यांच्याखाली शिवणीचा एक उंचवटाही दाबाची जखम व्हायला पुरतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात, नेमकं किती वेळाने ते त्या माणसाकडे बघून डॉक्टर-नर्स ठरवतात. खाली सपाट, ताणून घातलेली, जोड नसलेली चादर हवी. मधे भोक असलेली गोल उशी शिवून द्या म्हणून कुणी ना कुणी मागतं. मी देत नाही. तिने दाब जात नाही, भोकाच्या कडेभोवती वाढतो आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो. अशा उश्या आता तज्ज्ञही नको म्हणतात.

गोधडी हलकी ठेवा. पाच-सहा थरांची भारदस्त गोधडी दिसायला सुंदर, पण अशक्त माणसाला ती स्वतःच्या हाताने बाजूला सारता येत नाही, आणि गरम होतंय हे सांगता येत नसेल तर आणखीच वाईट. एक पातळ आतला थर पुरे. रुंदी बेताचीच, जमिनीवर लोळणारा काठ वॉकरच्या पायात येतो. कापड शिवण्याआधी धुऊन घ्या, कारण ही गोधडी पुढे सारखी धुतली जाणार आहे आणि सुती कापड आकसतं. आतला थर नुसत्या पिंजलेल्या कापसाचा असेल तर धावदोऱ्याच्या रांगा जवळ जवळ घाला, नाहीतर धुण्यात त्याचे गोळे होतात.

आईसाठी एप्रन केला आहे, हाताला चाळा म्हणून. त्यावर वेगवेगळ्या पोताचे तुकडे: मखमल, टर्किश टॉवेल, सॅटिन, कॉर्डुरॉय. एक जाड चेन, चारी बाजूंनी दुहेरी टीप मारलेली. बटणं आणि मणी एकही नाही, कारण सुटलं की तोंडात जातं. मखमलीकडे ती बघतही नाही. कॉर्डुरॉय मात्र तिचा. त्याच्या रेघांवर अंगठ्याचं नख आडवं फिरवत राहते, बारीक किर्र आवाज येतो, आणि मग तीच दिशा बदलून उलटं फिरवते. दाराशी जायचं तेवढा वेळ विसरते.

एवढं सांगितल्यावर सगळ्यांना बरं वाटतं. शिवण आई-बाबांच्या कामी आलं, म्हणजे वेळ सत्कारणी लागला. आणि इथेच मला जे सांगायचं आहे ते आहे. एप्रन आणि शर्ट ही देखभालच आहे, फक्त सुई-दोऱ्याने केलेली. त्याला तुमचं शिवणकाम समजू नका. एक काम असं ठेवा ज्याचा घरात कुणालाही काही उपयोग नाही.

माझं ते काम म्हणजे षटकोनांची गोधडी. फिकट राखाडीपासून गडद निळ्यापर्यंत रंग सरकत जातो. ती कुणाच्या अंगावर घालायची नाही, कुणाला द्यायची नाही, कुठल्या तारखेला पुरी करायची नाही. तारीख दिलेलं काम मी घेणंच बंद केलं आहे. याची गरज का, तर माझे दिवसभराचे सगळे निर्णय कुणाच्या तरी तब्येतीला बांधलेले असतात. गोळी आत्ता द्यायची की खाल्ल्यावर. बाबांचा पाय सुजलाय तो काल इतकाच होता का. आईला आंघोळ घालावी की आज नुसतं पुसून घ्यावं. यात चुकलं तर ते दुसऱ्याला भोगावं लागतं, आणि हे ओझं रात्रीही उतरत नाही. दोन निळ्यांमधला कोणता शेजारी ठेवायचा, हाही निर्णयच आहे, मी त्यावर मनापासून विचार करते, पुष्कळदा दोन्ही तुकडे खिडकीशी नेऊन बघते. पण इथे चुकलं तर उसवता येतं. असा एक निर्णय दिवसाकाठी माझ्या वाट्याला यायला हवा. तो आला नाही की मी आईशी चढ्या आवाजात बोलते, एवढं मला माझ्याबद्दल कळलं आहे.

‘अपराधी वाटत नाही का?’ असंही काही जणी हळूच विचारतात. नाही वाटत. डिमेन्शिया महिन्या-दोन महिन्यांचं आजारपण नसतं, वर्षानुवर्षं चालतं, आणि तेवढी वर्षं टिकणारं माणूस या दोघांना हवं आहे. मनगट दुखत असेल त्या दिवशी सुई हातात घेत नाही; उचलण्या-बसवण्यात मनगट आणि अंगठा आधीच शिणलेले असतात आणि ते हात आधी बाबांना लागतात. त्या दिवशी रंग नुसते मांडून बघते.

आणि कापणं, मशीन? ते रविवारी दुपारी. माझा धाकटा भाऊ येतो तेव्हा. त्याला मी ‘जमेल तेव्हा येत जा’ असं म्हटलेलं नाही. वार आणि वेळ ठरवून मागितली, तुम्हीही तशीच मागा, आणि कारण खरं सांगा: मला शिवायचं आहे. दवाखान्याचं किंवा बँकेचं काम आहे असं सांगून मागितलेली दुपार, ती कामं संपली की हातातून जाते. तो आला की मी दार लावून आत जाते. कपाटाच्या दारावर त्याच्यासाठी एक कागद चिकटवला आहे: दुपारची औषधं आणि त्यांच्या वेळा. बाबांचा शर्ट बदलायचा झाला तर उजवा हात आधी, काढताना शेवटी. आई दाराशी गेली तर अडवू नकोस, तिच्याबरोबर चार पावलं चाल आणि एप्रन दे. मला हाक मारायची ती फक्त कुणी पडलं, श्वास लागला, किंवा चेहरा-बोलणं वाकडं वाटलं तरच, आणि तेव्हा दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं.