कॉमिक्सला धरून आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. गेले कित्येक महिने हे उत्तर मी तुकड्यातुकड्यांनी देत आलेय, कधी फोनवर, कधी थिएटरच्या जिन्यात, एकदा तर कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या. प्रश्न ठरलेला असतो. ‘तुम्ही लहानपणापासून कॉमिक्स वाचता ना? मग सांगा, हा नवा सुपरमॅन मूळ कॉमिक्सला धरून आहे का?’ नवा म्हणजे ११ जुलै २०२५ ला आलेला, जेम्स गन यांनी दिग्दर्शित केलेला, ज्यात डेव्हिड कोरेन्स्वेट सुपरमॅन झालाय तो. पुढे त्यातलं बरंच काही उघड होणार आहे. पाहायचा राहिला असेल, तर आधी पाहून या.

पण मूळ म्हणजे कोणतं, हे आधी ठरवायला हवं. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आणला, तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उडी मारायचा. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा कापायचा, वीस मजली इमारत ओलांडायचा. पहिल्याच गोष्टीत तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, आणि एका निरपराध बाईचा मृत्युदंड टळावा म्हणून रात्री गव्हर्नरच्या घराचं दार तोडून आत शिरतो. आकाशात उडायला तो शिकला, त्यात १९४१ मध्ये सुरू झालेल्या फ्लायशर स्टुडिओच्या ॲनिमेशनपटांचा मोठा वाटा होता. सतत टुणटुण उड्या मारणारा माणूस पडद्यावर बरा दिसत नव्हता. तो ज्या वर्तमानपत्रात काम करतो तिथले जिमी ऑल्सन आणि पेरी व्हाइट ही नावं रेडिओवरच्या मालिकेतून आली. त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइटसुद्धा आधी रेडिओवर आलं, १९४३ मध्ये. कॉमिक्सच्या पानावर यायला त्याला १९४९ साल उजाडलं. ज्याला आपण कॉमिक्सला धरून म्हणतो, त्यातलं कितीतरी कॉमिक्सनेच दुसऱ्यांकडून घेतलेलं आहे.

हे मी वाद जिंकायला सांगत नाही. या सिनेमाबद्दल लोक काय काय बोलतात ते ऐकून मला एक गोष्ट पक्की वाटू लागली आहे, तिच्यासाठी सांगतेय. ‘मूळ’ म्हणताना प्रत्येक जण आपल्याला पहिल्यांदा भेटलेल्या सुपरमॅनबद्दल बोलत असतो. १९७८ च्या सिनेमातल्या ख्रिस्तोफर रीव्हला ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांच्या मनात तो कायम शांत, हसरा आणि ताठ उभा आहे. २०१३ च्या सिनेमापासून ज्यांची ओळख झाली, त्यांना तो एकटा, जड मनाचा हवा असतो, कारण जगाने आपल्याला स्वीकारावं की नाही या प्रश्नाशी तो तिथे झगडत होता. दोघंही नवा सिनेमा पाहून ‘हा आपला नव्हे’ म्हणतात, आणि दोघंही मनापासून म्हणतात.

सिनेमाची सुरुवातच बघा. सुपरमॅन आभाळातून बर्फात येऊन आपटतो, रक्तबंबाळ होऊन. कुणाशी तरी लढताना तो आयुष्यात पहिल्यांदा हरलेला असतो. कशीबशी शीळ घालतो, तेव्हा त्याचा कुत्रा क्रिप्टो दुरून बर्फ उधळत येतो आणि जखमी मालकाच्या अंगावर आनंदाने नाचायला लागतो. माझ्या मागच्या रांगेत एक वयस्क गृहस्थ होते. मध्यंतरात ते म्हणाले, ‘पहिल्या मिनिटाला मार खातो, हा कसला सुपरमॅन?’ त्यांच्याबरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. ‘आजोबा, कुत्र्याला कळतच नाहीये ना, त्याला लागलंय ते?’ असं तिने दोनदा विचारलं. आजोबांनी दुसऱ्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, ‘नाही कळत गं.’ क्रिप्टो कॉमिक्समध्ये १९५५ पासून आहे. पण त्या मुलीचा सुपरमॅन त्या दिवशी सुरू झाला, आणि तो बर्फात पडलेला होता.

मला तो खारीचा प्रसंग सगळ्यात जास्त आवडला. शहरात एक अवाढव्य प्राणी धुमाकूळ घालतोय, सगळीकडे पडझड चाललीय, आणि त्या गोंधळात सुपरमॅन एक खार उचलून तिला सुरक्षित जागी नेतो. चाचणी-प्रदर्शनांच्या वेळी काही प्रेक्षकांना ती खार खटकली होती, आणि तरी आपण ती ठेवली, असं गन यांनीच मुलाखतींत सांगितलंय. बरं झालं ठेवली. ‘एवढं सगळं चाललेलं असताना खार कशाला?’ हा आक्षेप मी पुष्कळांकडून ऐकला आणि मला तो अजिबात पटत नाही. गव्हर्नरचं दार तोडणारा १९३८ चा तो माणूस आणि हा खार उचलणारा, हे दोघं एकच आहेत असं मला त्या क्षणी वाटलं. इतर कुणी ज्याचा जीव हिशेबातही धरला नसता, त्याच्यासाठी हा थांबतो. माझ्या लेखी हेच धरून असणं. चड्डी लाल आहे की नाही, यावर माझं काही म्हणणं नाही.

सिनेमात गर्दी फार झालीय, हे मात्र खरं. बाकीचे वीर, आपल्या विश्वाला चिकटलेलं एक छोटं कृत्रिम विश्व, दोन देशांमधलं युद्ध, सगळं एकदम. पत्रकार लोइस आणि क्लार्क, म्हणजे माणसांत वावरणारा सुपरमॅन, यांच्या त्या मुलाखतीसारखं आणखी थोडं हवं होतं. ती मैत्रीण म्हणून सुरू करते आणि बघता बघता पत्रकार होऊन त्याला कोंडीत पकडते. तो चिडतो, गडबडतो. तेवढा वेळ कुणी कुणाला बुक्की मारत नाही, आणि तरी नजर हलत नाही.

आता जे मला लागलं, ते. सुपरमॅन ज्या ग्रहावर जन्मला, त्या क्रिप्टनवरच्या आईबापांचा निरोप अर्धाच शाबूत आहे आणि तो प्रेमळ आहे, असं तो आयुष्यभर मानत आलाय. उरलेला अर्धा सापडतो, तेव्हा कळतं की त्यांनी त्याला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलं होतं. मी थिएटरात अक्षरशः अंग चोरून बसले. कॉमिक्सच्या पहिल्या अंकात त्या बापाला नावसुद्धा नाही. ग्रह नष्ट होतोय आणि एक शास्त्रज्ञ घाईघाईने बनवलेल्या यानात तान्ह्या मुलाला ठेवून सोडून देतो, एवढंच. निरोप द्यायला त्याला वेळच मिळाला नाही असं मी लहानपणी धरून चालले होते, आणि त्या बापासाठी रडलेही होते. त्याला असं कुणी करावं?

हे मी एका मैत्रिणीला तावातावाने सांगितलं. ती दत्तक गेलेली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पहिल्या अंकात त्याला वाढवणारे केंट नवरा-बायको आहेत?’ नाहीत. तिथे बाळाला अनाथालयात देतात. केंट दांपत्य १९३९ मध्ये आलं. ‘म्हणजे तुझ्या मूळ गोष्टीत त्याला वाढवणारं कुणीच नाही,’ ती म्हणाली. ‘आणि या सिनेमात शेवटी जखमा भरून येताना तो कुठला व्हिडिओ लावून बसतो, ते पाहिलंस ना?’

पाहिलं होतं. आधी तो क्रिप्टनचा निरोप बघत असे. शेवटी मात्र लहानगा क्लार्क आणि केंट आई-बाबा यांची घरगुती चित्रफीत असते. मला तो गोड शेवट वाटला होता, त्यापलीकडे काही नाही. तिने तो सिनेमा चार वेळा पाहिलाय, तेवढ्यासाठी.

क्रिप्टनच्या बापाबद्दल माझं मन अजून वळलेलं नाही, आणि तीही मला वळवायच्या फंदात पडत नाही. पाचव्या वेळी आम्ही बरोबर बघणार आहोत, एवढं ठरलंय.