खारीचा वाटा

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता कूलरने दगा देणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. वारा गरमच येतोय म्हणून मागे जाऊन बघितलं, तर जाळीतलं अर्धं गवत गायब. उरलेलं गवत एक खार लटकून ओढत होती. तोंडात मावेनासा बुचका झाला की पुढच्या दोन पायांनी दुमडायची, आत कोंबायची आणि दोन्हीकडून झुपकेदार मिशा फुटल्यासारखी कडुलिंबावर पसार. मला बघून जरा थबकली, शेपटी दोनदा झटकली आणि परत कामाला लागली.

'खारीचा वाटा' या शब्दांचा मला जुना राग आहे. सेवानिवृत्तीचं भाषण असो की सप्त्याचं आभारप्रदर्शन, ज्याने सगळं स्वतःच ओढलेलं असतं तोच माईक धरून म्हणतो, "माझा आपला खारीचा वाटा." रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली म्हणून खारीला तीन पट्टे, असं आजी सांगायची. उत्तरेकडच्या खारीला पाच असतात. तिकडे बहुधा अख्खा पंजा फिरवला.

मला राग यायला कारण आहे. खारीचा वाटा मी खरोखर घेतलेला आहे.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. मी तिसरीत. मोठी माणसं खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची आणि घरोघरी लाल मिलोच्या भाकरी, थापतानाच कडेला तडकणाऱ्या. आमच्या सालगड्याचा थोरला माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्याकडे गलोल होती: बाभळीचं दुबेळकं, सायकलच्या ट्यूबचं रबर, खडा धरायला फाटक्या वहाणेचं चामडं. खार खोडावर डोकं खाली करून क्षणभर चिकटून राहते ना, तेवढाच क्षण त्याला पुरायचा. तो कधी दोन खडे मारत नसे. मी मात्र सबंध उन्हाळाभर एका चिंचेशिवाय काही पाडलं नाही.

त्या दिवशी विहिरीच्या काठावर त्याने तुराट्या पेटवल्या. शेपटी आधीच कापून बाजूला ठेवली. मग खार जाळावर फिरवून केस जाळले. तो वास अजून नाकात आहे. दाढीच्या जुन्या पात्याने पोट चिरलं, आतडं मांजरीपुढे टाकलं. काळीज निघालं चिंचोक्याएवढं. त्याला मिठाचा खडा चोळून त्याने ते पळसाच्या पानात बांधलं.

"हे कुणाला?"

"धाकटीला. तिला दिवस मावळला की दिसंना झालंय. आजी म्हणली, काळीज चारा."

बाकीचं सगळं घरी गेलं. शंभरेक ग्रॅमचं ते जनावर, त्यातली हाडं वगळली तर उरणार काय? पण हाडं वगळायचीच नव्हती. त्याच्या मायने येसर घालून भगुनंभर रस्सा केला आणि सहाजणांनी त्यात भाकरी कुस्करली. मुंडी कुणी चोखायची यावर भांडण झालं, असं दुसऱ्या दिवशी त्यानेच हसत सांगितलं.

विहिरीवरून निघताना मी हावरटासारखा उभाच होतो. तो म्हणाला, "तुला न्हाई देत. कळलं तर तुझी माय मला बडवील. हे घे तुझा वाटा." आणि शेपटी हातावर ठेवली.

शेपटी मी चार दिवस दप्तरात लपवली. वासाने ती आईला सापडली, पण तोवर अर्धे केस दोऱ्याने धांड्याच्या टोकाला बांधून कुंचला झाला होता. राजस्थानातले लघुचित्रं काढणारे परंपरेने खारीच्याच शेपटीचा कुंचला वापरत आले, हे फार उशिरा कळलं. पापणीचा एकेक केस त्याने काढायचा. मी पोळ्याला मातीच्या बैलांची शिंगं रंगवली. दावणीचे बैल उन्हाळ्यातच विकले होते, त्यामुळे त्या साली पोळा मातीच्याच बैलांचा.

वन्यजीव संरक्षण कायदाही 1972चाच. आमच्या विहिरीपर्यंत त्याची बातमी काही पोचली नव्हती.

पोळ्यानंतर ते कुटुंब पोटासाठी कुठेतरी गेलं. धाकटीला रात्रीचं दिसायला लागलं का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मी कुंचल्याच्या नादात होतो.

"अहो, हाकला की तिला! सगळा कूलर नेईल," आतून आवाज आला.

"हाकलतो," म्हटलं. टाकीत एक बादली पाणी ओतलं आणि आत येऊन त्याच गरम वाऱ्यात आडवा झालो.