अम्मानमध्ये कुणाच्या घरी राहून अरबी शिकायची असेल तर

२०११ नंतर सीरिया युद्धात होरपळू लागला आणि दमास्कसला अरबी शिकायला जाणारे परदेशी विद्यार्थी जॉर्डनच्या राजधानीकडे, अम्मानकडे वळले. तिथल्या भाषासंस्था कोर्सबरोबर एखाद्या कुटुंबात राहायची सोयही करून देतात. घरी राहिलात की भाषा आपोआप येते, असं सांगितलं जातं. आपोआप काही येत नाही. मुळात वर्गात जी अरबी शिकवतात ती त्या घरात कुणी बोलतच नाही.

वर्गातली फ़ुस्हा म्हणजे वर्तमानपत्रं, भाषणं, बातम्या यांची भाषा. घरातली आम्मिया, म्हणजे बोलीभाषा. ‘मला हवंय’ हे फ़ुस्हात ‘उरीदु’, घरात ‘बिद्दी’. ‘कुठे’ हे ‘ऐन’ नाही, ‘वेन’. ‘काय’ला ‘शू’, ‘आत्ता’ला ‘हल्ला’, ‘नाही’ला ‘मिश’. मुंबईत किंवा पुण्यात दोन वर्षं फ़ुस्हा शिकून गेलेल्याचं बोलणं घरच्यांना व्यवस्थित समजतं, कारण शाळेत सगळे तेच शिकलेत. पण उत्तर आम्मियात येतं आणि पाहुणा गप्प होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून आम्मियाचे तास मागून घ्यावेत. आठवड्याला वीस तास वर्ग असेल तर निदान पाच आम्मियाचे हवेत. लिपी आणि तीनेक महिन्यांची फ़ुस्हा गाठीशी नसेल तर कुटुंबात राहायला जाऊच नये. आधी खोली भाड्याने घ्यावी.

बरं, आम्मियाही एक नाही. ‘क़ाफ़’ हे अक्षर अम्मानमध्ये बऱ्याच बायका, विशेषतः शहरी पॅलेस्टिनी घरांतल्या, गिळून टाकतात आणि ‘क़हवे’चं, म्हणजे कॉफीचं, ‘अहवे’ होतं. मूळ जॉर्डनी घरांतले पुरुष त्याचा ‘ग’ करतात. एकाच जेवणात दोन्ही ऐकू येतात. एक निवडून तोच धरावा. बायकांनी ‘ग’ काढला तर लोक हसतात, तसेच पुरुषांनी ‘अ’ काढला तरी. वाईट हेतूने नव्हे, पण हसतात.

मराठी जिभेची अडचण निराळी. ‘ख़ुब्ज़’ म्हणजे रोटी मागताना आपण आपला ख काढतो, आणि त्यात श्वास कितीही सोडला तरी अरबी कानाला तो ‘क’च लागतो. ‘ख़’ घशात खरवडूनच काढावा लागतो. ‘ज़ेत’ म्हणजे तेल म्हणताना ‘जास्त’मधला ज येतो. त्यात ‘द’ची चाहूल असते, ती काढून टाकायची. अरबीत साध्या ‘त’शिवाय एक जड ‘त’ही आहे, सगळ्यांत चिवट चूक त्याची. आपण तिथे हमखास ट घालतो, कारण जड म्हटलं की आपल्याला मूर्धन्य आठवतं. जिभेचं टोक ‘त’च्याच जागी ठेवायचं आणि मागचा भाग उचलायचा, की पुढचा स्वर आपोआप काळवंडतो. जोडाक्षराचा आघातही पाळावा: ‘हमाम’ म्हणजे कबुतर आणि ‘हम्माम’ म्हणजे न्हाणीघर. पहिल्याच दिवशी लागणारा शब्द आहे.

घर निवडताना संस्थेला विचारायचं ते हे: घरात कोण कोण आहे, इंग्रजी कोणाला येतं, जेवणं किती, स्वतःची किल्ली मिळेल का, थंडीत खोली तापवायचा खर्च कुणाचा. इंग्रजी शाळेत जाणारी मोठी मुलं असलेलं घर टाळावं. तिथे तुम्हीच त्यांचे फुकटचे शिक्षक होता. आजी आणि सहा-सात वर्षांची पोरं असलेलं घर उत्तम. लहान मुलं चूक झाली की लगेच ओरडून सांगतात, मोठी माणसं पाहुण्याच्या भिडेने सोडून देतात. मोठ्यांकडून दुरुस्ती हवी तर मुद्दाम मागावी लागते: ‘इज़ा ग़लतित, सल्हीली’, म्हणजे चुकलं तर सुधारा, हे बाईला म्हणायचं रूप. तरण्या मुली असलेल्या घरात संस्था सहसा मुलग्यांना ठेवत नाहीत, त्यामुळे मुलांना निवड कमी मिळते.

घरच्या बाईंना ‘ख़ालतो’ म्हणावं, म्हणजे मावशीच, किंवा थोरल्या मुलाच्या नावावरून ‘उम्म ख़ालिद’ असं. नुसतं नाव घेऊ नये.

जेवणाबद्दल शाकाहारी माणसाने एक गोष्ट जपावी. ‘लहमे’ म्हणजे मांस असं पुस्तकात असलं तरी रोजच्या बोलण्यात त्यात कोंबडी येत नाही. ‘लहमे खात नाही’ म्हटलंत की प्रेमाने चिकन पुढे येतं. पूर्ण वाक्य घोकून जावं: ‘मा बाकोल लहमे वला जाज वला समक’, म्हणजे मांसही नाही, कोंबडीही नाही, मासेही नाही. तरी भात मटणाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. त्याला ते मांस समजत नाहीत, म्हणून तेही वेगळं विचारावं. मुजद्दरा हा मसूर-तांदळाचा, वर तळलेला कांदा घातलेला पदार्थ, आणि सकाळचं ‘फ़ूल’ म्हणजे शिजवलेला बाकला, हुम्मुस, लबने म्हणजे दह्याचा चक्का, ज़ातर म्हणजे तीळ घातलेला सुक्या पाल्याचा मसाला आणि तेल यांवर निभतं. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं. ताट पूर्ण रिकामं केलं की पुन्हा भरतं. थोडं ठेवून, छातीवर हात ठेवून ‘शबिअत, अल-हम्दुलिल्लाह’, म्हणजे पोट भरलं, देवाची कृपा, असं म्हणावं आणि स्वयंपाक करणारीला ‘यिस्लमू इदेकी’, तुमचे हात सुखरूप राहोत. त्यावर ‘सहतेन’ (दुप्पट आरोग्य लाभो) येईल, मग तुम्ही ‘अला अल्बिक’ (तुमच्या हृदयाला) म्हणायचं. अशी बोलण्या-उत्तरांची जोडी शेकड्याने आहे आणि व्याकरणापेक्षा ती आधी पाठ करावी. उत्तर चुकलं की संभाषण तिथेच थांबतं.

पाण्याचं कुणी सांगणार नाही. अम्मानमध्ये नळाला बहुतेक भागांत आठवड्यातून एखाद्या दिवशीच पाणी येतं आणि ते गच्चीवरच्या टाक्यांत साठवतात. टाकी संपली तर विकतचा टँकर. तेव्हा अंघोळ पाच मिनिटांत उरकावी, कपडे धुण्याचा दिवस विचारून घ्यावा. टॉयलेट पेपर कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी दगडी घरं बर्फासारखी होतात आणि सगळे एकाच खोलीत गॅसच्या ‘सोबा’भोवती बसतात. हा खरं तर बोलायचा सर्वोत्तम काळ. पण सोबा पेटवून, दार बंद करून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

रोज एकच काम ठरवावं. स्वयंपाकघरात मदत करताना वस्तूंची नावं नव्हे, आज्ञा ऐकाव्यात: दे, चीर, ढवळ, झाक. मग दुकानात अंडी आणायला जावं. पाच अंडी ‘ख़म्स बेदात’, अकरा मात्र ‘हदाशर बेदा’: तीन ते दहाला अनेकवचन, पुढे एकवचन. पैशांतही गंमत आहे. दिनारचे शंभर क़िर्श, त्यातल्या पाचाला ‘शिलिन’ आणि दहाला ‘बरीज़े’ म्हणतात, आणि हे कुठल्याच क्रमिक पुस्तकात सापडत नाही.

सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारी नमाजानंतर नातेवाईक जमतात, एकाच वेळी आठ-दहा जण बोलतात आणि काहीही कळत नाही. तरी प्रत्येक शुक्रवारी पेत्रा नाहीतर वादी रम अशी पर्यटनस्थळं गाठायचा बेत आखू नये, निदान अर्धे तरी घरी काढावेत. मुलांना इंग्रजी शिकवायची विनंती आलीच तर सरळ सौदा करावा: अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास अरबी, आणि अरबी आधी.