माळ्यावरच्या संगणकाला वायफाय: मे ते जुलैच्या नोंदी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, वीज कुठेतरी जवळच पडली आणि माळ्यावरच्या डेस्कटॉपचं लॅन पोर्ट गेलं. मदरबोर्ड वाचला. राउटर ओटीवर, संगणक माळ्यावर आणि मधे वाशांवरून नेलेली बावीस मीटर तांब्याची केबल. एवढी लांब तार असली की वीज थेट तिच्यावर पडावी लागत नाही, जवळ पडली तरी तारेत झटका उतरतो. घरात येणारी फायबर काचेची, तिच्यातून काही येत नाही. कोकणात ज्यांनी माळ्यापर्यंत किंवा गोठ्यापर्यंत लॅन ओढलंय त्यांनी हे ध्यानात ठेवा. मी केबल गुंडाळून ठेवली आणि बिनतारी ॲडॉप्टर लावायचं ठरवलं.

संगणक जुना आहे: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, वर डेबियन १२ ही लिनक्स. त्याला स्क्रीन जोडलेली नसते, मी खालून लॅपटॉपवरून त्यात शिरतो. वाडीतल्या नमनाच्या आणि भजनांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करायचं काम त्यावर चालतं. रेकॉर्डिंग झालं की फाइल बाहेरच्या युएसबी ३ हार्ड डिस्कवर जाते. ही डिस्क पुढे महत्त्वाची ठरली.

घर जांभ्याचं. भिंत सव्वा फूट जाड, वर मंगळोरी कौलं. राउटर भिंतीच्या पलीकडे आणि जवळजवळ थेट खाली. या दोन गोष्टींनी दोन महिने घेतले.

मेअखेर: पहिला ॲडॉप्टर

तालुक्याच्या दुकानात मिळाला तो घेतला, नखाएवढा. डबीवर ६०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिहिलं होतं. हा आकडा २.४ गिगाहर्ट्झचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झचे ४३३ यांची बेरीज करून, वर थोडा फुगवून लिहितात. असा ॲडॉप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे ही बेरीज कधीच हाती लागत नाही.

लावल्यावर संगणकाला वायफाय दिसेचना, एक सीडी ड्राइव्ह दिसला. असे बरेच ॲडॉप्टर आधी सीडी असल्याचं भासवतात, कारण आत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. लिनक्सवर 'युएसबी मोडस्विच' नावाचं छोटं पॅकेज टाकलं की तो खऱ्या रूपात येतो. तसं केलं, तर कळलं की डेबियनच्या ६.१ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) या चिपचा ड्रायव्हरच नाही. त्याचा सोर्स कोड उतरवून डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाने, बांधला. बांधला गेला, पण चढेना: सिक्युअर बूट (सुरू होताना सह्या तपासणारी सोय) चालू होतं आणि तेव्हा सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे बांधलेला ड्रायव्हर, कर्नल आत घेत नाही. डेबियन १२ मध्ये डीकेएमएस स्वतःच सहीची किल्ली तयार करतं. ती किल्ली आपण एकदा नोंदवायची, पासवर्ड ठरवायचा आणि रीबूट केल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर मान्य करायची. तो पडदा दिसावा म्हणून त्या दिवसापुरती टीव्हीची केबल वर नेऊन संगणकाला लावली.

इंटरनेट नसताना हे सगळं उतरवलं कसं? फोन युएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला दिलं. त्याला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नव्याने ॲडॉप्टर बसवणाऱ्याने हे पहिलं करावं, पुढचे सगळे अडथळे निम्मे होतात.

आठ दिवस चाललं. मग सुरक्षा अपडेटमध्ये नवं कर्नल आलं आणि रीबूटनंतर वायफाय गायब. चूक माझी होती. हेडर्सचं, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचं, पॅकेज मी त्या वेळच्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचं टाकलं होतं. कर्नलसोबत पुढे सरकत जाणारं सर्वसाधारण पॅकेज टाकायला हवं होतं. हेडर्स नाहीत म्हणून डीकेएमएसला नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधता आलं नाही. दुरुस्त केलं, पण त्याच दिवशी पक्कं झालं की कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेली चिप घ्यायची. ज्या संगणकात आपण नेटवर्कमधूनच शिरतो, त्याचं नेटवर्क प्रत्येक अपडेटला टांगणीवर ठेवणं मला पटत नाही.

जूनचा पहिला आठवडा: पिंग का नाचतंय?

नवा ॲडॉप्टर येईपर्यंत जुन्यावरच काम चालू ठेवलं. खालून टाइप केलेलं अक्षर वर उमटायला वेळ लागत होता. लॅपटॉपवरून पिंग लावलं (हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं) तर ४ मिलिसेकंद, ९०, ५, १०४ असं. राउटरची हाक, म्हणजे बीकन, साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येते. वीज वाचवायच्या सेटिंगमध्ये ॲडॉप्टर मधल्या वेळात झोपतो आणि त्याच्यासाठी आलेले पॅकेट राउटर पुढच्या बीकनपर्यंत राखून ठेवतो. शंभराच्या आसपासचे आकडे तिथून येत होते. नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये वायफायच्या पॉवरसेव्हला २ ही किंमत दिली (२ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू) आणि पिंग ३ ते ५ वर स्थिरावलं. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी ते सेटिंग चांगलं आहे, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या डेस्कटॉपला त्याचा काही उपयोग नाही.

एवढं करूनही रोज संध्याकाळी जोडणी तुटायची. आधी वाटलं पाऊस, मग वाटलं शेजारचं नेटवर्क. पण आमच्या वाडीत सगळी मिळून तीन वायफाय आहेत, आणि आम्ही चॅनेल ११ वर असताना बाकीची दोन्ही १ वर. शेवटी एका वहीत वेळा लिहायला लागलो. चार दिवसांत दिसलं की तुटण्याची वेळ आणि कॅसेटची फाइल डिस्कवर जाण्याची वेळ एकच आहे.

मग मुद्दाम करून पाहिलं. डिस्क काढलेली: शंभरातलं एकही पिंग हरवत नाही. डिस्क लावून मोठी फाइल टाकली: अडतीस हरवली. डिस्क दुसऱ्या बाजूच्या युएसबी २ पोर्टला लावली: शून्य.

युएसबी ३ ची तार सेकंदाला ५ अब्ज बिट्सच्या वेगाने चालते आणि तिचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर शोधनिबंध काढला होता. युएसबी ३ च्या जोडणीजवळ या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढतो, असं त्यात मोजून दाखवलंय. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. माझा ॲडॉप्टर डिस्कच्या प्लगपासून दोन बोटांवर होता. राउटरचा क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडत होता.

उपाय साधा: दीड मीटरची युएसबी २ एक्स्टेंशन केबल. ॲडॉप्टर डिस्कपासून लांब, पत्र्याच्या कॅबिनेटच्या आडोशातूनही बाहेर. सिग्नल वजा ७४ डीबीएमवरून वजा ६८ वर आला (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) आणि कॉपी चालू असतानाही तुटणं थांबलं. कॅबिनेटच्या मागे, भिंतीला चिकटून ॲडॉप्टर खुपसून ठेवलेले माझ्या ओळखीत किमान पाच जण आहेत. मंडळी, बाकी काही नाही केलंत तरी ही केबल तेवढी घ्या.

जून, तिसरा आठवडा: नवा ॲडॉप्टर

या वेळी डबीवरचं नाव न बघता आतली चिप बघून मागवला: मीडियाटेक एमटी७६१२यू. दोन अँटेना, दोन्ही पट्टे, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएसपर्यंत. तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये ४.१९ पासून आहे. कॅबिनेटच्या आत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं कार्डही मनात होतं, पण कार्ड कॅबिनेटमध्ये अडकलं की अँटेनाही तिथेच अडकतात. तारेने लांब नेल्या तर पातळ कोॲक्स केबलमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे २ डेसिबल जातात, ५ ला त्याहून जास्त. युएसबीच्या केबलवर रेडिओच उचलून पाहिजे तिथे नेता येतो आणि केबलमधून जातात ते नुसते आकडे. युएसबी २ ची ४८० ची मर्यादा येते, पण आमचा फायबरचा प्लॅनच १०० चा आहे.

लावल्यावर दिवा लागला, नेटवर्क नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) चढलं नाही' अशी ओळ आणि तिच्या शेवटी वजा २. वजा २ चा अर्थ 'फाइल सापडली नाही', म्हणजे ॲडॉप्टर बिघडलेला नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, अशा बंदिस्त फर्मवेअरसाठी वेगळा विभाग केलाय. माझा संगणक ११ वरून १२ वर आलेला, आणि पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत तो विभाग जोडायचा मी विसरलो होतो. जोडला, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, ॲडॉप्टर काढून पुन्हा लावला. लॉगमध्ये '७६१२००४४' ही चिपची आवृत्ती उमटली आणि खाली नेटवर्कांची यादी आली. ना सोर्स, ना सही.

पण जोडणी आपोआप होईना. डेबियनमध्ये युएसबी ॲडॉप्टरच्या नावात त्याचा मॅक पत्ता (त्या ॲडॉप्टरचा स्वतःचा क्रमांक) असतो, त्यामुळे पोर्ट बदललं तरी नाव तेच राहतं. ॲडॉप्टर बदलला की मात्र नाव बदलतं, आणि माझी जतन केलेली जोडणी जुन्या नावाला बांधलेली होती. ते बंधन काढलं.

दुसरी गोष्ट पासवर्डची. तो फक्त माझ्या खात्यापुरता ठेवला असेल तर मी लॉगिन करेपर्यंत वायफाय लागत नाही. 'सर्व वापरकर्त्यांसाठी' असा ठेवला की सुरू होतानाच लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट एखाद्या दिवशी चारदाही जाते, म्हणून बायॉसमध्ये 'वीज परत आली की सुरू हो' हेही चालू केलं. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६ वर पक्का केला, कारण ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे राउटरला सुरू झाल्यावर आधी मिनिटभर कान देऊन रडार नाही ना याची खात्री करावी लागते. लाइट आली की प्रत्येक वेळी ते मिनिट जास्तीचं.

जूनअखेर: जागेचा शोध

या भागात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. तीन मीटरची युएसबी केबल लावली, खाली लॅपटॉपवर दर सेकंदाला सिग्नलचा आकडा दिसेल अशी सोय केली आणि पुतणीला तिथे बसवलं. मी माळ्यावर ॲडॉप्टर हातात घेऊन फिरतोय, ती खालून ओरडतेय: "काका, एक्क्याऐंशी! काका, शहात्तर! आता परत ऐंशी, मागे जा!"

५ गिगाहर्ट्झची लहर साडेपाच सेंटिमीटरची, २.४ ची बारा-साडेबारा. भिंतीसमोर धरलं की ५ चा आकडा वजा ८१, पार कुचकामी. पण माळ्यावर चढायला जिन्याचं जे तोंड आहे तिथे ॲडॉप्टर आणला आणि आकडा सरळ वजा ६६ वर आला. सिग्नल चिऱ्यांतून येतच नव्हता, जिन्याच्या पोकळीतून वर चढत होता. तिथेही हातभर सरकवलं की ४-५ डेसिबलचा फरक पडतो, कारण भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात.

मग राउटरच्या अँटेना. उभ्या दांडीच्या अँटेनाचा सिग्नल तिच्याभोवती मेदूवड्यासारखा पसरतो आणि दांडीच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे वड्याच्या भोकाकडे, सगळ्यात कमी जातो. राउटरच्या दोन्ही अँटेना सरळ उभ्या होत्या आणि माझा माळा बरोबर त्यांच्या टोकावर. एक अँटेना आडवी केली, वरच्या ॲडॉप्टरची एक तिला समांतर आडवी केली. वजा ६६ चे वजा ६० झाले. ६ डेसिबल म्हणजे चौपट ताकद, हात लावण्यापलीकडे काही खर्च नाही. दुसरी अँटेना उभीच ठेवली, म्हणजे ओटीवरच्या आणि अंगणातल्या फोनना त्रास नाही.

आयपर्फ या वेग मोजायच्या प्रोग्रामने घरातल्या घरात मोजलेले वेग, तीन-तीनदा मोजून मधला आकडा: जुना ॲडॉप्टर कॅबिनेटमागे ११ एमबीपीएस. तोच दीड मीटर केबलवर २६. नवा, जिन्याच्या तोंडाशी, २.४ वर ७१. तिथेच ५ वर १५८.

जुलै, दुसरा आठवडा

पंधरा दिवस सलग पाऊस. भिंत ओली, हाताला लागते. जिन्याच्या तोंडाशी ५ चा आकडा वजा ६० ते ६१, जवळजवळ हललेला नाही. भिंतीसमोर जाऊन मुद्दाम पाहिलं तर तिथे २.४ चा आकडा जूनपेक्षा ४ डेसिबलने खाली. पाणी प्यालेल्या चिऱ्यातून लहर जास्त शोषली जाते. जिन्याची जागा मिळाली नसती तर या दिवसांत पुन्हा तुटातूट सुरू झाली असती.

खाऱ्या दमट हवेसाठी केबलच्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बांधलीय. ॲडॉप्टर मात्र उघडाच, कारण तो तापतो. जिन्याच्या तोंडाजवळच्या जुन्या खुंटीला सुतळीने टांगलाय, उंदरांना केबलपर्यंत पोचता येऊ नये म्हणून ती भिंतीपासून वीतभर लांब नेलीय. आतापर्यंत बावीस वेळा लाइट गेली आणि आली, बावीसही वेळा संगणक स्वतःहून जोडला गेला. नमनाच्या एकोणीस कॅसेटी झाल्या.

पुढची मोजमापं गणपतीत. चाकरमानी आले की ओटीवर पंधरा-वीस फोन एकाच राउटरला लागतील, त्या गर्दीत माळ्यापर्यंत १५८ पैकी किती उरतात ते वहीत लिहीन.