मामांची बहीण

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या वाटाड्याशी असलेल्या नात्याला एकच नाव असतं: मामा. "मामा, गडाची वाट कुठली?" एवढं विचारलं की मामा हातातली कोयती त्या दिशेला फिरवतात, "ही काय, हितंच" म्हणतात, आणि मग ते 'हितंच' दोन तास संपत नाही.

माझा नवरा मात्र हा प्रश्न कधीच विचारत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी तोरण्याहून राजगडला जाताना बुधला माची उतरल्यावर आम्ही भलत्याच सोंडेवर शिरलो होतो. खाली धनगराचं घर दिसत होतं, चुलीचा धूर निघत होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण "वाट असणारच इथे" असं म्हणत हा कारवीतून पुढेच. संजीवनी माचीवर पोहोचेपर्यंत काळोख पडला. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मला ते शौर्य वाटलं.

असा माणूस गेल्या ऑक्टोबरात इटलीत चक्क पैसे मोजून वाटाड्या ठरवतो, यावर आमच्या मुलीचा अजून विश्वास बसलेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "भाषा येत नाही ना." खरं कारण त्याच्या डाव्या गुडघ्यात होतं, पण ते मी काढलं नाही.

वाट होती अमाल्फीच्या किनाऱ्यावरची, 'सेंतिएरो देली देई', म्हणजे देवांची वाट. आजेरोलाच्या पठारावरच्या बोमेरानो गावातून निघायचं आणि डोंगराच्या कडेकडेने पोझितानोच्या डोक्यावरच्या नोचेल्लेला पोहोचायचं. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. बोमेरानो समुद्रापासून सहाशेच्या वर मीटर उंचीवर, नोचेल्ले साडेचारशेच्या आसपास, म्हणजे एकंदरीत उतारच. दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. शाळेची सहलसुद्धा चुकणार नाही अशी मळलेली वाट. इथे वाटाड्या कशाला, असं मनात आलंच.

चौकात वाट बघत उभी होती एक पन्नाशीची बाई. झिजलेले बूट, हातात चेस्टनटची काठी. वाटाड्याचं स्त्रीलिंग काय होतं? वाटाडी? वाटाडीण? कानाला काहीच बरं लागेना. शेवटी मामांची बहीण म्हणून आम्ही आपसात तिला मावशी म्हणायला लागलो.

मावशीने आधी आमची चाल बघितली, मग रांग लावली. ती पुढे, तिच्यामागे मी, शेवटी नवरा. वाट एकेरी, उजवीकडे कातळ, डावीकडे सरळ खाली समुद्र. तो समुद्र आपल्या कोकणातल्यासारखा लाटांनी अंगावर येत नाही. इतक्या वरून त्याचा आवाजही येत नाही, नुसता निळा पसरलेला असतो. वाटेत रोझमेरीची झुडपं. पँट घासून गेली की वास येतो, पाहुणे आल्यावर आतून मसाल्याचा यावा तसा. "पियानो, पियानो," मावशी दर थोड्या वेळाने म्हणायची. नवऱ्याने हळूच विचारलं, "कुठे ऐकू येतोय?" पियानो म्हणजे सावकाश.

ती स्वतः सावकाश चालत होती, आणि थांबायची तर भलत्याच ठिकाणी. लोक फोटो काढत होते तिथे नाही. एका पडक्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेताशी थांबली. चुना-माती न वापरता रचलेले दगडी बांध. खाली लिंबांच्या बागा, चेस्टनटच्या वाशांच्या मांडवाखाली. पूर्वी ही लिंबं बायका डोक्याखांद्यावरून बंदरापर्यंत नेत. त्यांना म्हणत 'फोर्मिकेल्ले', मुंग्या. किनाऱ्याचा रस्ता झाला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी इथल्या गावांना एक तर होडी, नाही तर अशाच खेचरांच्या वाटा. सगळे फोटो समुद्राचे, आणि हा डोंगर मात्र ओझ्यांचा. मावशीने बांध हाताने थोपटला, गाय थोपटावी तसा. गाय आठवली कारण या डोंगरांचं नावच लात्तारी, दुधाचे डोंगर. तिच्या पिशवीत आजेरोलाचं चीज होतं. 'प्रोव्होलोने देल मोनाको', साधूचं चीज. शेतकरी ते होडीतून नेपल्सला नेताना गारठ्यात घोंगड्यासारखे झगे पांघरत, म्हणून बंदरावरचे लोक त्यांना साधू समजत, अशी कथा. घोंगडं आलं म्हटल्यावर आमचा धनगर मला पुन्हा आठवला.

या सगळ्यात मला एक नवल कळलं. तीस-पस्तीस वर्षं मी या माणसाची पाठ बघत चालले आहे. सॅक डावीकडे कलते, घामाचा डाग आधी मानेखाली उमटतो, रागावला की खांदे वर जातात, सगळं पाठ आहे. पाठच पाठ म्हणा. त्याच्यासमोर माझी पाठ आज पहिल्यांदाच आली होती.

"अगं, तू उजवा पाय जरा फेंगडा टाकतेस," मागून आवाज आला.

"लग्नाच्या आधीपासून टाकते."

थोड्या वेळाने, "आणि सारखी वळून काय बघतेस?"

"पुढे चालणाऱ्याने बघायचं असतं."

पुढच्या दोन वळणांपर्यंत मागे शांतता होती.

मग समोर ली गाल्लीची तीन बेटं आली. त्यांच्या पलीकडे काप्री. या बेटांवर म्हणे ग्रीक कथांमधल्या सायरन नावाच्या मायाविनी राहायच्या, ज्यांच्या गाण्याने खलाशी खडकांवर आपटत. गाल्ली म्हणजे कोंबडे, कारण ग्रीकांच्या सायरन अर्ध्या पक्षी होत्या. अर्ध्या मासोळ्या त्या पुढे झाल्या. त्या गाण्यापासून वाचायला ग्रीक वीर युलिसिसने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, आणि त्याला वाचवायला देव ज्या वाटेने उतरले ती ही वाट, असं मावशी म्हणाली. विसाव्या शतकात ही बेटं नुरेयेव्ह या प्रसिद्ध नर्तकाच्या मालकीची होती. देव, सायरन, नर्तक. नवरा म्हणाला, "मला बांधायची गरज नाही, मला डाव्या कानाने कमीच ऐकू येतं." समुद्र डावीकडेच होता. मावशीला हे समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली, पण मग ती इतकी हसली की काठीवर टेकून उभी राहिली.

नोचेल्लेत टपरीवर लिंबाचा बर्फाळ ग्रानिता प्यायलो. एक प्यालो, मग दुसरा. मावशीने दोघांचे हात हातात घेऊन निरोप घेतला आणि ती आल्या वाटेने परत गेली, आता मुळीच पियानो नाही. तासाभरात बोमेरानोत असेल.

आम्हाला खाली रस्त्यापर्यंत पायऱ्या होत्या. कोणी पंधराशे सांगतं, कोणी सतराशे. नवऱ्याने मोजायच्या ठरवल्या. आठशेच्या पुढे गुडघ्याने त्याचं लक्ष वेधून घेतलं. मी एका मांजरापाशी मोजणी सोडली होती. तेव्हा हा आकडा आमच्या घरात कायम वादाचा राहील.

खाली आलो तर उन्हं कलली होती. एक म्हातारा रस्त्याकडेला लिंबाच्या पेट्या लावत होता. आणि माझा नवरा, माझ्या डोळ्यांदेखत, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मामा, पोझितानो?"

मामांनी दोन्ही हातांनी बराच वेळ उत्तर दिलं. नवरा गंभीरपणे मान हलवत होता.

"काय म्हणाले?"

"डावीकडे."

समोर समुद्र होता. मावळतीचं ऊन आणि पोझितानोची घरं, दोन्ही उजवीकडे होती.