आधी झोप, मग हिंमत, मग क्षमा

फोन वाजला की पोटात गोळा येतो. रविवारी दुपारपासूनच सोमवारचा धसका बसतो. ‘पुढच्या वर्षी काय करायचं ठरवलंय?’ असं कुणी विचारलं तर काही सुचतच नाही. घरातली भांडणं, कर्ज, आजारपण किंवा नोकरीची धास्ती वर्षानुवर्षं सोसलेली माणसं अशी दिवस ढकलत जगतात. त्यांना आळशी किंवा दुबळं म्हणणं अन्याय आहे.

धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची तयारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. धोका टळला की ही तयारी ओसरायला हवी. तो टळतच नसेल तर शरीर ताठच राहतं. लांबचा विचार करणं, दुसऱ्याची बाजू समजून घेणं मागे पडतं. अशा माणसाला ‘माफ कर आणि पुढे जा’ सांगून काही होत नाही. क्षमा हवीच, पण तिची पाळी सगळ्यात शेवटी येते.

सुरुवात झोपेपासून करा. रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. दुपारी चारनंतर चहा नको. चहातलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायलाच साधारण पाच तास लागतात. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांब असला की हृदयाची गती उतरते. चक्कर आली तर तुम्ही फार खोल श्वास घेताय. श्वास हलका ठेवा, मोजणी तीच. पुण्यातली तळजाई किंवा हनुमान टेकडी जवळ असेल तर आठवड्यातून चार दिवस चढा, कानात काही न घालता. हे किमान तीन आठवडे करा, आणि तोवर मोठा निर्णय शक्यतो टाळा.

मग हिंमत. ज्या गोष्टी टाळता त्यांतल्या दहा लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे शून्य ते शंभरमध्ये भीती किती ते मांडा. सुरुवात तीस आकड्याच्या आसपासच्या गोष्टीपासून. हिंजवडीतल्या नोकरीत रात्री नऊनंतरचा फोन न उचलणं चाळीस असेल, तर वडीलधाऱ्यांपुढे बोलणं ऐंशी. बोलायचं ते तीन वाक्यांत बसवा: काय घडलं, मला काय झालं, यापुढे काय हवं. ‘काका, काल सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या पगाराचा विषय काढलात. मला ते लागलं. यापुढे काही विचारायचं असेल तर मला बाजूला घेऊन विचारा.’ चौथं वाक्य जोडायचा मोह होतो, आणि तिथेच जुनी भांडणं उकरली जातात.

बहुतेकांचं बिनसतं ते भीती शिगेला पोचल्यावर तिथून निघून आल्यामुळे. मग मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. भीती थोडी उतरेपर्यंत थांबा आणि तीच गोष्ट त्याच आठवड्यात पुन्हा करा. मात्र समोरचा हात उगारणारा असेल तर हा सराव तिथे करायचा नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, विश्वासातलं एक माणूस आणि महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक.

आता क्षमा. आपल्याकडे तिची घाई फार. ‘जाऊ दे, मोठे आहेत ते’ असं म्हणत घर शांत केलं जातं, आणि ज्याला लागलं त्याचं दुखणं तसंच राहतं. रॉबर्ट एनराइट या मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीत पहिला टप्पा राग उघडा करण्याचा आहे, माफ करायचं ठरवणं त्यानंतर येतं. मला हा क्रम अगदी पटतो. एक वही घ्या. सलग चार दिवस, रोज वीस मिनिटं, काय घडलं आणि त्यात काय गेलं ते लिहा: पैसे, वर्षं, शिक्षण, विश्वास. शुद्धलेखन विसरा. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. लिहिताना हातपाय गार पडले, प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटू लागलं, तर वही मिटा. ते काम समुपदेशकासोबत करायचं आहे.

त्यानंतर, जमेल तेव्हा, समोरच्याची बाजू एका पानावर लिहा. त्याला निर्दोष ठरवायला नव्हे. तो असा का वागला असेल, एवढंच. शेवटी त्याच्या नावाने पत्र लिहा, पण पाठवू नका. मध्यरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच, कारण मग सगळं त्याच्या उत्तरावर अडतं आणि निळ्या खुणा बघण्यात पुढचा आठवडा जातो.

क्षमा आणि समेट वेगवेगळे. माफ करूनही येणं-जाणं बंद ठेवता येतं, उसने दिलेले पैसे मागता येतात, तक्रार चालू ठेवता येते. विशेषतः बहिणींना कळकळीने सांगते: भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर मन भरून आलं म्हणून हक्कसोडपत्रावर सही करू नका. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदवलं जातं आणि ते सहजी मागे घेता येत नाही. भावाला मनापासून माफ करा आणि कागद आधी आपल्या वकिलाला दाखवा. हिस्सा सोडायचाच असेल तर शांतपणे, महिना-दोन महिन्यांनी.

राग पुन्हा उसळतो, बहुधा लग्नकार्यात किंवा श्राद्धाच्या दिवशी. माफीचा निर्णय एका दिवसात होतो, भावना मात्र मागाहून, कधी वर्षांनी येते. म्हणून त्या निर्णयाची तारीख वहीत लिहून ठेवा; राग आला की ते पान उघडा आणि श्वासाची मोजणी करा. स्वतःला माफ करताना मात्र एक पायरी जास्त आहे: ज्याचं नुकसान केलं ते भरून देणं, निदान त्याच्याकडे जाऊन कबूल करणं.

या सगळ्यात मोकळी झालेली वेळ लगेच दुसऱ्या कामाने भरू नका. आठवड्यातले दोन तास गाणं, पोहणं, अर्धवट राहिलेली पदवी, जे हवं त्याला द्या आणि कॅलेंडरवर तारीख घालून ठेवा. सुरुवातीला अपराधी वाटेल, चुळबुळ होईल; तरी ते तास मोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही-टेकडी बाजूला ठेवून त्याच दिवशी १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.