आपले ड्रॉइंगचे सर आणि एरिक कार्ल

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे पहिले उभे राहिले ते ड्रॉइंगचे सर. त्यांच्या मागोमाग आला एरिक कार्ल, मुलांसाठी चित्रपुस्तकं करणारा अमेरिकन चित्रकार. या माणसाने आपली शाळा कधी पाहिली नाही. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी पहिली ते तिसरीचा जो वर्ग घेते, तिथे त्याची चित्रपुस्तकं मुलांच्या हाताळण्याने मऊ पडली आहेत.

कार्ल १९२९ साली अमेरिकेत जन्मला. बालवर्गात त्याला मोठाले कागद आणि जाड कुंचले मिळायचे. तो सहा वर्षांचा असताना आईवडील जर्मनीला, स्टुटगार्टला परतले. तिथल्या शाळेत भाषा निराळी आणि हातावर छड्या. घरी एक भाषा, बस स्टँडवरच्या पाटीवर दुसरी, अशा सीमाभागात वाढलेल्या आपल्याला त्या पोराचं पहिल्या दिवशीचं तोंड सहज दिसतं. पुढे युद्ध आलं. वडील सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत सापडले आणि १९४७ च्या अखेरीस घरी आले तेव्हा त्यांचं वजन जेमतेम ३८ किलो होतं. हेच वडील त्याला लहानपणी रानात नेऊन दगड उलटून खालचे किडे दाखवायचे. कार्लच्या पुस्तकांत कोळी, काजवे, रातकिडे इतक्या मायेने येतात ते या वडिलांमुळे.

आणि त्याला भेटले क्राउस नावाचे चित्रकलेचे शिक्षक. नाझी राजवटीत आधुनिक चित्रांवर बंदी होती. सरांनी या मुलाला घरी बोलावून पिकासो, मातीस, क्ले यांच्या चित्रांच्या प्रती गुपचूप दाखवल्या. उघडकीला आलं असतं तर नोकरीवरच भागलं नसतं! जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०११ मध्ये, कार्लने निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकाराचं पुस्तक केलं, त्यामागे ती दुपार आहे.

आपल्या सरांवर असा प्रसंग आला नाही. बेळगावात चित्रकारांना तोटा नव्हता, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे इथेच घडले. सर त्या पंगतीतले नव्हते, त्यांचं प्रदर्शन कधी भरलं नाही. ते ड्रॉइंगच्या लोअर परीक्षेची तयारी नेटाने करून घेत, रेघ वाकडी गेली की पुसायला लावत. पण आमच्या वर्गातल्या एकाने बैल निळा रंगवला आणि सगळे हसले, तेव्हा सर म्हणाले, “बेंदराला शिंगं रंगवतो की नाही आपण? ह्यानं अंग रंगवलंय.” आणि तो कागद फळ्याशेजारी लावला. मी शिक्षिका झाले त्याची सुरुवात तिथे आहे, असं मला खरोखर वाटतं.

कार्ल १९५२ मध्ये चाळीस डॉलर खिशात घेऊन न्यूयॉर्कला परतला. वर्तमानपत्रात, मग जाहिरातींत काम केलं. मुलांची पुस्तकं तो करू लागला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. एकदा कागदांना पंचिंग मशीनने भोकं पाडताना त्याला पुस्तकी किडा सुचला. संपादिकेने त्याचा सुरवंट करायला सुचवलं. पानोपानी खात, भोकं पाडत जाणारा तो भुकेला सुरवंट १९६९ मध्ये आला. असं भोकांचं पुस्तक अमेरिकेत परवडेना, म्हणून जपानमध्ये छापावं लागलं. आज ते साठाहून अधिक भाषांत आहे आणि पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत.

त्याची रीत आपल्या मुलांना सहज जमते. पातळ कागद आधी रंगवायचा, बोटांनी, स्पंजाने, हाताला येईल त्याने. वाळला की कापून चिकटवायचा. आम्ही पतंगाचा कागद आणि खळ वापरतो. घर आणि शाळा यांच्यातलं अंतर पुस्तकांनी कमी व्हावं, असं कार्ल सांगत असे. घरी कोकणी बोलणारी एक मुलगी महिनोन्‌महिने वर्गात गप्प होती. तिने सुरवंटाच्या भोकात बोट घातलं आणि पुढच्या पानावर काय आहे ते मला तिच्या बोलीत सांगितलं.

महोत्सवानिमित्त कमान उभारायचं चाललं आहे असं ऐकते. कमान जरूर व्हावी. पण पहिली-दुसरीच्या वर्गात चित्रपुस्तकांचं एक कपाटही व्हावं, मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकांचं, आणि त्याला कुलूप नसावं. ड्रॉइंगचा तासही गणिताला देऊ नये. पुस्तकं निवडायला आणि कव्हरं घालायला दसऱ्याच्या सुट्टीत मी येते. ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावं.